कॉनच्या चेंडूवरचा दोरा

लोरेटाने डबा हातात घेतला नाही. गॅरहनांच्या घरात असं आजवर कधीच झालं नव्हतं.

ब्रेंडन दारात उभा होता, दोन्ही हात पुढे केलेले आणि हातांत तो जुना चहाचा पत्र्याचा डबा. एप्रिलातला बेसबॉल सुरू व्हायच्या आठवड्यातला रविवार, आणि बाहेर न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराला शोभेलशी बोचरी थंडी. रिवाजाप्रमाणे लोरेटाने उघडे हात पुढे करायचे, डबा झेलल्यासारखा घ्यायचा आणि म्हणायचं, "घेतला." एवढंच. आजोबा कॉन गॅरहन बेसबॉलमध्ये कॅचर, म्हणजे फेकीचा चेंडू झेलणारे, होते त्या काळात कॅचरच्या हातात मोजा नसायचा. त्यांची दहापैकी सात बोटं मोडून वाकडी जुळली होती, म्हणून त्यांचं डब्यातलं फोटोचं कार्ड घेताना बर्फ पडत असला तरी हातमोजे घालायचे नाहीत. सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं शंभर वर्षांपूर्वीचं ते कार्ड असं वर्षाला एक घर करत फिरायचं. एक वर्ष थोरल्या भावाकडे, अँब्रोजकडे, एक वर्ष धाकट्या भावाच्या, जेरोमच्या घरी, एक वर्ष त्यांच्या बहिणीकडे, लोरेटाकडे. जेरोम जाऊन वीस वर्षं झाली तरी त्याच्या घराची पाळी चुकली नव्हती. त्याची बायको बर्निस आणि मुलगा ब्रेंडन ती सांभाळत होते.

"हात पिठाचे आहेत रे," लोरेटा म्हणाली. "टेबलावर ठेव ना."

"टेबलावर?" ब्रेंडनने विचारलं.

"सोडा ब्रेड मळतेय."

ब्रेंडनने तिच्या हातांकडे पाहिलं. हात स्वच्छ होते. लोरेटाने ते घाईघाईने एप्रनमागे नेले. हा मुलगा लहानपणापासून असाच, बघायचं ते नेमकं बघतो आणि बोलत काहीच नाही.

"मग थांबतो मी," तो म्हणाला आणि डबा मांडीवर घेऊन बसला.

लोरेटा स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या बरणीत दोन्ही हात मनगटापर्यंत घातले आणि तशीच उभी राहिली. ब्रेड केव्हाच भाजून जाळीवर निवत होता. एकसष्ट वर्षांची बाई मी, तिला वाटलं, आणि भाच्यापासून हात लपवतेय. पण काय करणार? अँब्रोजने आठवड्यात तीनदा फोन करून डोकं खाल्लं होतं. "त्याचं दुकान कसलं आहे? जुन्या कार्डांचं. वर्षभर कार्ड कोणाकडे होतं? त्याच्याकडे. रविवारी त्या इतिहासवाल्या बाई येणार आहेत, त्यांना आधी तपासू दे लोरेटा, मगच 'घेतला' म्हण. एकदा म्हणालीस की जबाबदारी तुझी."

आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं का? नोव्हेंबरात बसची वाट बघताना ब्रेंडनच्या दुकानाच्या काचेतून. दिवा खाली ओढलेला, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि हातात बारीक पातं घेऊन तो कशावर तरी वाकलेला. तिने काचेवर टकटक केली नव्हती. आलेल्या बसमध्ये चढली आणि घरी आली, पण ते पातं काही डोक्यातून गेलं नाही.

अँब्रोज आणि बर्निस पाच मिनिटांच्या अंतराने आले. दोघांनी एकमेकांना मान हलवून नमस्कार केला, एवढ्यावरच सगळं निभावलं. अँब्रोज सदुसष्ट वर्षांचा, चाळीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलेला, अजूनही केसांचा भांग रेघेत आणि बुटांना चकाकी. हात मात्र कोटाच्या खिशात. हल्ली ते तिथेच असायचे. थरथरायला लागल्यापासून.

"डबा अजून त्याच्याच मांडीवर?" त्याने लोरेटाला हळूच विचारलं.

"हात पिठाचे आहेत माझे."

"शहाणी आहेस," अँब्रोज म्हणाला. लोरेटाला ते कौतुक मुळीच आवडलं नाही.

मिसेस प्रुइट दोनच्या ठोक्याला आल्या. ऑल्बनीतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पायांत जाड तळव्यांचे बूट, खांद्याला पोत्याएवढी पिशवी. जुन्या बेसबॉलचा इतिहास धुंडाळणाऱ्या मंडळींपैकी त्या एक. त्यांचं काम एकच होतं. खेळाच्या नोंदींच्या जाड पुस्तकात शेकडो माणसं अशी आहेत की ज्यांचं नुसतं आडनाव आहे. पहिलं नाव नाही, जन्म नाही, मृत्यू नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी आडनावच छापलं आणि पुस्तकानेही तेच उचललं. कॉन त्यांतलेच. 'गॅरहन, एकोणीस सामने.' त्यापुढे सगळं कोरं.

अँब्रोज चौदा वर्षं या मंडळींना पत्रं लिहीत होता. आता कुठे दार किलकिलं झालं होतं, तर मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावचं एक घराणं उपटलं होतं. तो गॅरहन आमचा मायकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एक पत्र होतं. इकडे होतं हे कार्ड, ज्याच्या खाली छापलं होतं, 'कॉन गॅरहन, कॅचर'. बुधवारी समिती बसणार आणि एक नाव पुस्तकात जाणार. दुसरं कायमचं बाहेर.

"बघू या का मग?" मिसेस प्रुइटनी पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढले.

चौघांच्याही कपाळाला एकदमच आठ्या पडल्या. दिवसभरात एवढं एकमत पहिल्यांदाच झालं होतं.

"बाई, मोजे नकोत," अँब्रोज म्हणाला. "या घरात मोज्यांनी त्यांना कोणी हात लावलेला नाही."

मिसेस प्रुइटनी त्याच्याकडे पाहिलं, मोजे परत पिशवीत टाकले आणि स्वयंपाकघरात जाऊन साबणाने हात धुऊन आल्या. मग ब्रेंडनने डब्याचं झाकण काढलं.

कार्ड बोटभर लांब, चहाच्या रंगाचं. त्यावर कॉन. अंगात जाड कापडी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, गुडघे वाकवलेले, दोन्ही उघडे हात छातीसमोर, आणि त्या हातांच्या वर हवेत चेंडू. आता येईल तळव्यात, इतका जवळ. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. लोरेटाने ते साठ वेळा तरी पाहिलं असेल. दरवर्षी बघायची, आणि दरवर्षी बघितलेलंच बघतो तसं बघायची.

मिसेस प्रुइटनी भिंग लावलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. हॅमचा वास घरभर पसरला होता आणि कोणालाच भूक नव्हती.

"याच्यावरचा दोरा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"कसला दोरा?" बर्निस म्हणाली.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर पसरला. ओहायोतल्या एका संग्राहकाकडे याच फोटोचं दुसरं कार्ड होतं, त्याची मोठी केलेली नक्कल. त्यात खालची पट्टी फाटून गेलेली, त्यामुळे नाव नव्हतं. बाकी तेच कॉन, तेच हात, तोच चेंडू. फक्त चेंडूपासून वर, कार्डाच्या काठापर्यंत एक बारीक सरळ रेघ होती. चेंडू दोऱ्याला टांगलेला होता.

"तुमच्या कार्डावर ही रेघ तासून काढली आहे," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "तिरपा उजेड टाकला की चर दिसतो. काम फार सफाईचं आहे, पण तासलंय."

"म्हणजे कार्ड खोटं?" लोरेटाने विचारलं.

"कार्ड खरं आहे. पण बुधवारी मला लोक विचारतील, ज्याने वरचा दोरा घालवला त्याने खालचं नाव कशावरून बसवलं नसेल? होल्योकवाले तर विचारणारच. नाव असलेलं हे एकच कार्ड आहे जगात." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कोणी केलं, केव्हा, कशाने, एवढं मला सहीनिशी लिहून द्या. मग मी नाव लढवून घेते. ते नसेल तर मी हे कार्ड समितीपुढे ठेवणारच नाही."

अँब्रोजने क्षणाचाही वेळ घालवला नाही.

"कोणी केलं म्हणजे? ज्याचा हा धंदा आहे त्याने. बोल रे ब्रेंडन. दुकानात काय काय करतोस ते सांग बाईंना. कोपरे नीट करतोस, कडा कापतोस, आणखी काय करतोस?"

"कडा कापत नाही मी," ब्रेंडन म्हणाला.

"कापणारा असंच म्हणणार."

"तुमच्या जिभेला काही हाड?" बर्निस ताडकन उठली. "माझ्या घरात वर्षभर तो डबा देवाच्या तसबिरीखाली होता. पोर हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाही. त्याआधी वर्षभर तुमच्याकडे नव्हता? लोरेटाकडे नव्हता?"

"आम्ही कार्डं विकत नाही, बर्निस."

"जेरोम असता तर तुमची हिंमत झाली नसती हे बोलायची."

"जेरोम असता तर त्याचं पोरगं चुरमुऱ्यासारखी कार्डं विकत बसलं नसतं."

लोरेटाने मधे पडायला हवं होतं. या घरात नेहमी तीच मधे पडायची. पण तिच्या डोळ्यांपुढे ते बारीक पातं होतं, त्यामुळे तिने रुमालाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. बर्निसने ते पाहिलं.

"तू गप्प का गं?" बर्निस तिच्याकडे वळली. "तीस वर्षं कॉलरच्या कारखान्यात दोरे उसवत होतीस. अख्ख्या ट्रॉयमध्ये दोरा काढणारी तुझ्याएवढी तरबेज बाई सापडायची नाही. आणि मघापासून हाताला पीठ कसलं लावून बसलीयस? आत ब्रेड गार झालाय. मी बघून आलेय."

लोरेटाचा चेहरा गरम झाला. मिसेस प्रुइटसुद्धा आता तिच्या हातांकडे बघत होत्या. काय मेली लाज ही, तिला वाटलं. संशय घ्यायला निघाले आणि तो उलटा माझ्याच गळ्यात पडला.

"हॅम बघते," ती म्हणाली. "ब्रेंडन, जरा ये. भांडं जड आहे."

स्वयंपाकघराचं दार ढकलून घेतल्यावर तिने भांड्याला हातही लावला नाही.

"नोव्हेंबरात मी तुला पाहिलं," ती म्हणाली. "काचेतून. हातात पातं होतं."

ब्रेंडनने थोडा वेळ आठवलं. "प्लास्टिकची पाकिटं कापत असेन. जुन्या कार्डांच्या मापाची मिळत नाहीत. मीच कापून घेतो."

"एवढंच?"

"एवढंच. आत का नाही आलीस, आत्या?"

 लोरेटाने आवाज चढवला, उत्तर नसलेली माणसं चढवतात तसा. "मग बाहेर तोंड का शिवून बसलायस? काका एवढं बोलतोय. नाही म्हण, भांड, टेबलावर हात आपट. गप्प बसणाऱ्यावर माणूस संशय घेणार नाही तर काय?"

ब्रेंडनने ओट्याला टेकून हात बांधले. तीस वर्षांचा झाला होता, जेरोमसारखाच रुंद खांद्याचा, आणि जेरोमसारखाच हळू बोलणारा.

"कार्ड साफ करणारे लोक काय करतात सांगू? खोडरबराने घासतात. ब्रेडच्या लगद्याने पुसतात. अगदीच लबाड असला तर रंग भरतो. असं तासत कोणी नाही. कागद फाटतो. इथे वरून खाली एकच हात फिरलाय, कुठे न थांबता, आणि चेंडूच्या काठाशी नेमका थांबलाय. कागदाचं वरचं पापुद्र्याएवढंच गेलंय. असा हात मी जन्मात एकाच माणसाचा पाहिलाय."

बोलता बोलता त्याचा हात मानेमागे गेला, कॉलरच्या वर, जिथे केस संपतात तिथे.

लोरेटा बघत राहिली. जेरोमच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी अँब्रोजने या पोराला दुकानात नेलं होतं, खुर्चीत फळी टाकून बसवलं होतं, आणि पहिल्यांदा मोठ्या माणसांसारखी वस्तऱ्याने मान कोरून दिली होती. पुढे सोळा वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी. पैसे कधी घेतले नाहीत.

"देवा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "केव्हापासून माहीत आहे तुला?"

"चार वर्षांपूर्वी काकांकडून आमच्याकडे आलं तेव्हापासून. उन्हात धरलं आणि दिसलं."

"आणि बोलला नाहीस?"

"काकांचे हात त्याच हिवाळ्यात गेले ना. दुकानाला कुलूप लावलं. मी काय जाऊन सांगणार होतो, आत्या? तुमचं शेवटचं चांगलं काम मी पकडलं म्हणून?"

बाहेरून अँब्रोजचा आवाज येत होता, उंच आणि घाबरलेला. घाबरलेलाच होता तो. लोरेटाला आता ते स्पष्ट ऐकू आलं. आठवडाभराचे तीन फोन, 'आधी तपासू दे', 'जबाबदारी तुझी', सगळं तिला उलट्या बाजूने ऐकू यायला लागलं. त्याला माहीत होतं की भिंग लावणारी बाई येणार आहे. दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर दोषाची टोपी बसवायची म्हणून तो आठवडाभर डोकं शोधत होता. आणि ती, लोरेटा, त्याला खुशाल माप देत होती. तिला स्वतःची किळस आली.

आणि रेघही आठवली. सात वर्षांची असताना तिने आईला विचारलं होतं, ही रेघ कसली गं? आई म्हणाली होती, चीर गेलीय कार्डाला, हात लावू नकोस.

"तू सांगणार नाहीस?" तिने विचारलं.

"नाही. आणि तूही सांगू नकोस. शेजारीपाजारी अजून त्यांना 'उस्ताद' म्हणतात. तेवढंच उरलंय त्यांच्याजवळ."

"अरे पण आजोबांचं नाव जाईल. चौदा वर्षं पत्रं लिहिलीत त्याने."

 ब्रेंडनने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेर बर्निस कोट घालून उभी होती, एक बाही घातलेली, एक लोंबणारी. मिसेस प्रुइट ओहायोवाल्या नकलेची घडी घालत होत्या. अँब्रोज टेबलाच्या टोकाशी उभा राहून, हात खिशातच ठेवून बोलत होता.

"...म्हणून मी म्हणतो, यापुढे दोनच घरं. तुझं आणि माझं. जेरोमच्या घराची पाळी बंद. लोरेटा, तुझं काय म्हणणं? तुझ्या मतावर आहे आता."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. लोरेटाने एप्रनला हात पुसले. भावाला ती साठ वर्षं ओळखत होती. त्याला दम देऊन काही निघत नाही, रडून निघत नाही, लाजेने तर तो आणखी आत जातो. एकाच गोष्टीने तो बाहेर येतो, आणि ती तिला माहीत होती.

"मी केलं ते," ती म्हणाली.

बर्निसची लोंबणारी बाही तशीच राहिली.

"मला वाटलं कार्डाला चीर गेलीय," लोरेटा मिसेस प्रुइटना सांगू लागली. "वाईट दिसत होतं. म्हटलं, जरा नीट करावं. माझ्याकडे होतं त्या वर्षी, याच टेबलावर बसून तासलं. बटाटे सोलायच्या सुरीने."

"सुरीने?" मिसेस प्रुइट म्हणाल्या. पेन उघडलेलं, पण कागदाला लागलेलं नाही.

"हो. बरी धार आहे तिला."

अँब्रोजच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लोरेटाने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"दोन-चारदा घासलं," ती पुढे म्हणाली, "आणि निघालं. काही फार अवघड नव्हतं. कोणालाही जमेल."

"कोणालाही?" अँब्रोज म्हणाला.

"हो, त्यात काय आहे?"

"त्यात काय आहे?" त्याचे हात खिशातून बाहेर आले. "बटाटा सोलतेस तेव्हा अर्धा बटाटा सालाबरोबर जातो तुझा. सुरीने कागद तासलास? चिंध्या झाल्या असत्या. त्याला वस्तरा लागतो, आणि नुसता वस्तरा नाही, चामड्यावर चाळीस हात दिलेला. पातं जवळजवळ आडवं झोपवायचं. श्वास रोखायचा आणि एकदाच वरून खाली यायचं, दुसरा हात फिरवायचा नाही, दुसरा फिरवला की भोक. चेंडूपाशी मनगट असं उचलायचं..."

त्याने उचलून दाखवलं. मनगट हवेत थरथरत राहिलं. मग त्याला कळलं की खोलीत दुसरं कोणीच बोलत नाहीये.

तो खुर्चीत बसला. बर्निसने कोटाची दुसरी बाही काढली, कोट खुर्चीवर टाकला आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तोंडाने मात्र ती म्हणाली, "माझ्या पोरावर आळ घेतलात तुम्ही. सगळ्यांदेखत."

"हो," अँब्रोज म्हणाला.

"कशासाठी केलंत, मिस्टर गॅरहन?" मिसेस प्रुइटनी विचारलं. शाळेत चुकलेल्या मुलाला विचारावं तसा त्यांचा आवाज होता, रागावलेला नाही.

"पाच वर्षांपूर्वी केसांच्या तेलाचा एक विक्रेता आला होता दुकानात. शनिवार, दुकान भरलेलं. मी कार्ड दाखवत होतो, माझ्याकडे असायचं त्या वर्षी दाखवायचोच. आजोबा उघड्या हातांनी कसे झेलायचे, बोटं कशी मोडायची. त्याच्याजवळ भिंग होतं. म्हणाला, अहो, हा तर दोऱ्याला टांगलाय चेंडू. तुमचे आजोबा टांगलेला चेंडू झेलायचे काय?" अँब्रोजने पाणी प्यायचा प्रयत्न केला, ग्लास दातांवर वाजला, त्याने तो खाली ठेवला. "सगळं दुकान हसलं. माझी गिऱ्हाइकं, तीस-तीस वर्षांची. नंतर जो येईल तो विचारायचा, दोरा काय म्हणतोय? मी त्याच संध्याकाळी दुकान बंद करून काढून टाकला. आजोबांची सात बोटं मोडली होती हो. कोणी हसायचं कारण नव्हतं."

 मिसेस प्रुइटनी चष्मा काढून पुसला.

"त्या वर्षांतल्या कार्डांवर दोरा असायचाच," त्या म्हणाल्या. "तेव्हाचा कॅमेरा इतका मंद होता की खरा चेंडू दिसलाच नसता. म्हणून सगळ्यांना स्टुडिओत उभं करायचे आणि चेंडू छताला टांगायचे. मोठमोठे खेळाडू आहेत तसे टांगलेल्या चेंडूपुढे उभे. मी तर दोरा दिसला की निश्चिंत होते. खऱ्या कार्डाची ती खूण आहे."

अँब्रोज त्यांच्याकडे बघत राहिला.

"मला हे कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, काका," ब्रेंडन म्हणाला. "माझ्या दुकानात भिंतीवर तशा चार तसबिरी आहेत."

"तुझ्या दुकानात मी कधी पाऊल ठेवलं नाही," अँब्रोज म्हणाला. दुकान उघडून तीन वर्षं झाली होती, आणि ते त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं.

कागद लिहिला गेला. मिसेस प्रुइटनी स्वच्छ अक्षरात सगळं उतरवलं, कोणी, केव्हा, कशाने, आणि का. खालच्या नावाला कोणीही हात लावलेला नाही, तेही. अँब्रोजने पेन घेतलं. ज्या हाताने एक केस इकडे-तिकडे होऊ दिला नव्हता तो हात कागदावर असा नाचू लागला की पहिली रेघ सहीच्या जागेबाहेर गेली. लोरेटाला बघवेना. ब्रेंडन उठला, मागून वाकला आणि दोन्ही तळव्यांनी कागद टेबलावर दाबून धरला. काकाच्या हाताला त्याने हात लावला नाही. फक्त कागद हलू दिला नाही. सही झाली. वेडीवाकडी, पण वाचता येईल अशी.

"आता माझी अडचण नाही," मिसेस प्रुइट म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून नोंदीचा तक्ता काढला. तिथे 'गॅरहन' आणि पुढे रिकामी जागा होती. त्या जागेत त्यांनी पेन्सिलीने कॉनचं पूर्ण नाव लिहिलं, 'कॉर्नेलियस', आणि सगळ्यांना दिसेल असा तक्ता फिरवून ठेवला. "शाईने बुधवारी. पण लिहीन, काळजी करू नका."

बर्निस रडली. ती कशालाही रडायची, पण या वेळी अँब्रोजही तिला काही बोलला नाही.

जेवण झालं, हॅम जरा करपला होता. बाई आग्रह नको म्हणत दोन वेळा वाढून घेऊन गेल्या. अँब्रोज निघताना दाराशी घुटमळला. माफी मागणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आणि आज एका दिवसात जमणार नव्हतं.

"केस मानेवर आलेत तुझे," तो ब्रेंडनला म्हणाला.

"हो, काका."

अँब्रोजने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते परत खिशात घातले. "त्या मॉलमधल्या माणसाकडे जाऊ नकोस," तो म्हणाला. "चौकोनी कापतो तो." मग जिना उतरून गेला. बर्निस मागोमाग गाडी गरम करायला गेली.

खोलीत लोरेटा आणि ब्रेंडन उरले. ब्रेंडनने कार्ड पाकिटात घातलं, पाकीट डब्यात, आणि झाकण बसवलं. लोरेटाने मोरीवर जाऊन हात धुतले, नखांतलं पीठ काढलं, कोरडे केले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही तळवे पुढे धरले, जवळजवळ जोडून, आईने शिकवले होते तसे. मनात शंभर गोष्टी होत्या. चुकले मी, काचेवर टकटक करायला हवी होती, तुझ्या बापाला काय तोंड दाखवू. म्हणायला शब्द एकच होता आणि तो तिने तयार ठेवला होता.

ब्रेंडनने तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्याने डबा टेबलावर ठेवला, अगदी अलगद, मीठदाणीच्या शेजारी.

"तू म्हणाली होतीस ना आत्या, टेबलावर ठेव," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिच्या गालावर ओठ टेकले, कोट उचलला आणि तो गेला.

लोरेटाने थोड्या वेळाने हात खाली घेतले. मग दोन्ही हातांनी डबा टेबलावरून उचलला.

"घेतला," ती म्हणाली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.